पितळेची शाळा

लहान मुलांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाची ओळख करून द्यायची असेल, तर जगभर दोन रचना हटकून ऐकवल्या जातात. पहिली सर्गेई प्रोकोफिएव्हची ‘पीटर अँड द वुल्फ’. मॉस्कोतल्या मुलांच्या नाट्यगृहासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या या संगीतकथेत प्रत्येक पात्राला एकेक वाद्य वाटून दिले आहे. पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट आणि लांडग्याला तीन फ्रेंच हॉर्न. दुसरी रचना बेंजामिन ब्रिटनची, १९४६ ची. ब्रिटनमधील शाळकरी मुलांसाठी काढलेल्या एका शैक्षणिक चित्रपटाकरिता ती तयार झाली. तिच्यात सुषिर, तंतू, पितळी आणि आघात अशी वाद्यांची चार घराणी एकामागून एक पुढे येतात. ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्युबा हे पितळी घराण्याचे चार मुख्य सभासद मुलांना तिथे भेटतात.

आमच्या जत तालुक्यातल्या मुलाला हे घराणे भेटते ते वरातीत. ट्रंपेट हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नसतो. पण नवरदेव घोड्यावर बसला की पुढे चालणाऱ्या बँडचा आवाज त्याच्या छातीत घुमलेला असतो. नक्षीची टोपी घातलेला, गाल फुगवून वाजवणारा माणूस त्याने हाताच्या अंतरावरून पाहिलेला असतो. शहरातल्या महागड्या शाळेतले मूल ज्या वाद्याचे चित्र पुस्तकात पाहते, ते वाद्य दुष्काळी तालुक्यातल्या मुलाच्या दारावरून जाते. तरीही त्या मुलाला कोणी सांगत नाही, की हे वाद्य शिकण्याजोगे आहे. असे का झाले, या प्रश्नाने मला गेली काही वर्षे धरून ठेवले आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर आपल्या मुलखात पितळी वाद्य मुलांच्या हाती कोणत्या वाटांनी आले आणि कोणाच्या हाती आले, हे पाहावे लागते.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘पितळी’ हे या घराण्याचे नाव धातूवरून पडले असले, तरी त्याची खरी खूण ओठ आहे. वादक दोन्ही ओठ मिटून त्यांतून हवा सोडतो, ओठ थरथरतात आणि ती थरथर नळीत जाऊन मोठी होते. सॅक्सोफोन पितळेचा असतो, पण त्याचा आवाज वेताच्या पट्टीतून निघतो, म्हणून तो या घराण्यात बसत नाही. आपली सनईही पत्तीची, त्यामुळे तीही बाहेर. उलट शंखात धातूचा कणही नाही, पण तो ओठांच्या थरथरीने वाजतो. म्हणून शास्त्राच्या हिशेबाने शंख ट्रंपेटचा भाऊबंद ठरतो. शिंग, तुतारी आणि कर्णा हे तर सख्खेच. देवळात शंख वाजवणाऱ्या पुजाऱ्याला आणि बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्याला ओठांची एकच करामत साधावी लागते. त्यांतल्या एकाला आपण पवित्र मानले आणि दुसऱ्याला जेवायला वेगळ्या पंगतीत बसवले, हा भाग निराळा.

हे घराणे इंग्रजांनी आपल्याकडे आणले, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात सुषिर वाद्यांच्या यादीत वंशाबरोबर काहला, शृंग आणि शंख येतात. काहला तांब्याची, चांदीची किंवा सोन्याची असावी आणि तिचे तोंड धोत्र्याच्या फुलासारखे असावे, असे वर्णन तिथे आहे. ट्रंपेटचे पसरट तोंड डोळ्यांसमोर आणले, की ही उपमा किती नेमकी आहे ते कळते. कानडीत आजही तुतारीला कहळे म्हणतात आणि जतसारख्या सीमेवरच्या तालुक्यात हा शब्द मराठी बोलणाऱ्यालाही परका वाटत नाही. पुढे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या नगारखान्याची मोजदाद दिली आहे. तिच्यात नगारे आणि सनयांबरोबर कर्णे, नफिरी आणि गाईच्या शिंगाच्या आकाराची पितळी शिंगे आहेत.

जतचे डफळे मूळचे विजापूर दरबारचे सरदार. जतहून पूर्वेला निघालो की विजापूर लागते. तिथे गोल घुमटाच्या समोर नगारखान्याची इमारत अजून उभी आहे. आता तिच्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. जिथे नगारे झडत तिथे आज शिलालेख आणि मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. नौबत हा राजचिन्हाचा भाग होता आणि ती वाजवण्याचे काम ठरावीक घराण्यांकडे असे. मुलगा बापाच्या शेजारी बसून शिके. त्याला कोणी शाळा म्हटले नाही, पण शिकणे होतेच.

जुन्या तुतारीची एक मर्यादा होती. सरळ किंवा वाकडी, पण अखंड नळी फुंकली, तर तिच्यातून निसर्गाने ठरवून दिलेले मोजकेच स्वर निघतात. लष्करी बिगुलाचे सगळे इशारे पाच स्वरांत बसवलेले असतात, ते यामुळेच. सलग सप्तक वाजवायचे तर नळीची लांबी वाजवता वाजवता बदलता आली पाहिजे. ट्रॉम्बोनमध्ये हे काम सरकत्या नळीने होते. तिच्या सात जागा असतात. इतर वाद्यांसाठी तोड निघाली ती १८१८ मध्ये. श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्युमेल या दोघा जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचा हक्क नोंदवला. एक कळ दाबली की हवा जास्तीच्या नळीतून वळते आणि स्वर उतरतो. पहिल्या कळीने एक पूर्ण स्वर, दुसरीने अर्धा, तिसरीने दीड. तीन बोटांच्या या हिशेबात सगळे स्वर आले. पुढे १८४० च्या दशकात अडॉल्फ सॅक्सने लहान-मोठ्या आकारांच्या व्हॉल्व्हवाल्या शिंगांचे एक अख्खे कुटुंब बनवले. बोटांचा एक हिशेब शिकला, की त्या कुटुंबातले कोणतेही वाद्य वाजवता येऊ लागले. ज्याने कधी शाळेची पायरी चढली नाही, अशा कामगाराच्या हातीही हे वाद्य देता आले. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांचे आणि खाणींचे बँड यातूनच उभे राहिले. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत त्यांच्या स्पर्धा १८५३ मध्ये सुरू झाल्या. ब्लॅक डाईक गिरणीचा १८५५ चा बँड आजही वाजतो आहे आणि त्याचे नाव तिथे अभिमानाने घेतले जाते.

आपल्याकडे ही नवी वाद्ये आली आणि मुलांना शिकवली गेली, ती प्रामुख्याने चार ठिकाणी.

पहिले ठिकाण गोवा. पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून चर्चच्या जोडीला शाळा निघाल्या आणि त्यांत संगीत शिकवले जाऊ लागले. गावच्या चर्चचा ‘मेस्त’ मुलांना आधी स्वरलेखन वाचायला शिकवी. कागदावरचे स्वर गळ्याने म्हणता आले, की मग हाती व्हायोलिन किंवा एखादे फुंकवाद्य येई. ही शिकवणी बहुधा फुकट असे, म्हणून गरिबाच्या मुलालाही ती मिळे. यातून तयार झालेले वादक ब्रिटिश पलटणींत गेले, संस्थानांच्या बँडमध्ये गेले आणि अखेरीस मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जाऊन बसले. १९१६ मध्ये बार्देशातल्या हळदोण्याला जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने त्यांचा ट्रंपेट गाजला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

दुसरे ठिकाण राजदरबार. मराठी संस्थानिकांत या बाबतीत बडोद्याचे सयाजीराव पुढे होते. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली तिथे संगीतशाळा सुरू झाली आणि स्वरलेखनावर भर दिला गेला. दरबारचा पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होताच. त्याची धुरा पुढे फ्रेडिलिस नावाच्या युरोपीय संगीतकाराकडे आली. म्हैसूर दरबारचाही असाच बँड होता. त्या राजवाड्यातला सॅक्सोफोन कानावर पडला आणि मंगळूरकडच्या एका नादस्वरवादकाच्या मुलाने तो उचलला. हे पुढचे कद्री गोपालनाथ. कर्नाटक संगीताच्या बैठकीत त्यांनी सॅक्सोफोनला मानाची जागा मिळवून दिली. सॅक्सोफोन पितळी घराण्यातला नव्हे हे वर सांगितलेच आहे. पण बँडचे वाद्य मैफिलीत जाऊ शकते, याचा दाखला आपल्या शेजारच्या राज्यातच आहे, एवढ्यासाठी हे सांगितले.

तिसरे ठिकाण छावणी. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली मुले पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणीत भरती होत आली. बेळगावचे केंद्र हे त्यांचे दुसरे घर. लाईट इन्फन्ट्रीत बिगुलाचे महत्त्व मोठे. उठणे, जेवणे, परेड आणि दिवे मालवणे हे सगळे बिगुलावर चाले. लष्करी बँडचे शिक्षण आज पचमढीला मिळते. गावातला एखादा मुलगा बँडमध्ये निवडला गेला, तर त्याला वाद्य, गणवेश, पगार आणि निवृत्तिवेतनही मिळते. पितळी वाद्य वाजवणाऱ्याला आपल्या समाजात पूर्ण प्रतिष्ठा मिळते, ती बहुतेक इथेच.

चौथे ठिकाण लग्नाची बँड कंपनी, आणि जतच्या मुलाशी थेट संबंध येतो तो हिचा.

जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा आणि माण या सलग दुष्काळी पट्ट्यात सनई, सूर आणि डफडे वाजवण्याचे काम परंपरेने होलार समाजाकडे होते. हलगी मातंग समाजाकडे. लग्न, जत्रा, पालखी, कशालाही त्यांच्यावाचून चालत नसे. पण मोबदला बलुत्याच्या पद्धतीचा: सुगीला धान्य, सणाला भाकरी, लग्नात मिळेल ते. वाजवायला नकार देण्याची सोय नव्हती. जत संस्थान हे सातारच्या जहागिरींपैकी एक. १९४८ मध्ये ते विलीन झाले, पुढच्या वर्षी निघालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात हा तालुका आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. या सगळ्या उलथापालथीत वतने गेली, बलुते मोडले आणि वाजंत्र्यांच्या पुढच्या पिढ्यांतल्या अनेकांनी बँड काढले.

माझ्या मते ही घटना आपल्या संगीताच्या इतिहासाइतकीच सामाजिक इतिहासातही नोंदवण्यासारखी आहे. सनईवाला बोलावल्याबरोबर येई. बँडवाल्याला सुपारी द्यावी लागे. दर ठरे, विसार मिळे, अंगावर गणवेश चढे. मेरठच्या जाली कोठी भागात १८८५ पासून चालत आलेल्या नादिर अली कंपनीसारख्या कारखान्यांमुळे विलायती वाद्यांपेक्षा स्वस्त ट्रंपेट आणि युफोनियम मिळू लागले होते. गणवेशाने जात पुसली गेली नाही, पण मजुरी रोख झाली आणि कामाला नाही म्हणण्याचा हक्क आला. पितळेच्या त्या नळीतून एका समाजाने बलुतेदारीबाहेर पाऊल टाकले.

आता या शाळेत मूल शिकते कसे? आठ-नऊ वर्षांचा मुलगा बापाबरोबर किंवा चुलत्याबरोबर सुपारीवर जाऊ लागतो. पहिल्यांदा त्याच्या हाती खुळखुळा येतो. त्यावर ताल पक्का झाला, की झांज. मग साइड ड्रम. ट्रंपेट त्यानंतर. या क्रमात शहाणपण आहे. दुधाचे पुढचे दात पडून पक्के दात येईपर्यंत माउथपीसचा दाब सोसत नाही, म्हणून युरोपातले शिक्षकही सात-आठ वर्षांच्या आधी मुलाच्या ओठाला पितळ लावत नाहीत. तोवर मुलाचा कान तयार झालेला असतो. बँडमध्ये कागद नसतो. मास्तर चाल वाजवतो, मुलगा तीन बोटांचा हिशेब पाहून उचलतो. चित्रपटातले गाणे आठ दिवसांत वरातीत वाजू लागते, ते याच पद्धतीने. चर्चच्या शाळेत कागद वाचायला शिकलेल्या गोव्याच्या वादकाने मुंबईच्या स्टुडिओत वाजवलेली ओळ जतकडच्या मुलाने रेडिओवर ऐकून कानाने उचलली. दोघांची गाठ कधी पडली नाही, पण शिक्षण एकाकडून दुसऱ्याकडे पोचले.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. रात्री बारापर्यंत वरातीत चालणारे मूल दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगते किंवा जातच नाही. डोक्यावर दिव्यांचे झुंबर धरून चालणारी मुलेही आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या कामात शिक्षण काहीच नाही, नुसती हमाली आहे. १९८६ चा बालकामगार कायदा आणि त्यातली २०१६ ची दुरुस्ती आवश्यकच होती. दुरुस्तीनंतर कुटुंबाच्या व्यवसायात शाळा सांभाळून मदत करण्याची मुभा उरली आहे; पण कुठे शिकणे संपते आणि कुठे राबणे सुरू होते, ही रेघ बँडच्या बाबतीत फार बारीक आहे. बाप वाद्य शिकवतो म्हणून मुलाचे बालपण खर्ची पडावे, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की मुलाला वरातीतून बाहेर काढताना वाद्यही त्याच्या हातून काढून घ्यायचे का? कायद्याने मुलाला शाळेत आणले. शाळेकडे मात्र त्याच्या ट्रंपेटसाठी जागा नव्हती.

ती का नव्हती, याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात शोधता येते. मिरज ही संगीताची पेठ. सतार-तंबोरे बनवणाऱ्यांची इथली परंपरा दीडशे वर्षांहून जुनी, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत सभ्य घरांतल्या मुला-मुलींपर्यंत नेले. हे काम डोंगराएवढे आहे. पण संगीत ‘सभ्य’ करताना कोणती वाद्ये दिवाणखान्यात आली आणि कोणती रस्त्यावर राहिली, हेही पाहायला हवे. गाणे, तबला, सतार, पेटी आत आली. ट्रंपेट बाहेर राहिला.

त्याला संगीतशास्त्राचे कारण दिले जाते: व्हॉल्व्हच्या वाद्यावर मींड आणि श्रुती नीट निघत नाहीत. आक्षेप खोटा नाही. पण हाच आक्षेप पेटीवर त्याहून कडक होता. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तरीही त्या तीन दशकांत पेटी घराघरांत शिकवली गेलीच. मग श्रुतीचे कारण पुरेसे कसे? फुंकलेले वाद्य उष्टे मानले जाई आणि ते वाजवणारे हात ठरावीक जातींचे होते, हे खरे कारण त्याच्या जोडीला ठेवल्याशिवाय हिशेब जुळत नाही. बासरीचेही वाद्य ओठालाच लागते. पण तिच्यामागे कृष्ण उभा होता.

आज बँड कंपनीलाही उतरती कळा लागली आहे. वीस-पंचवीस माणसांच्या बँडपेक्षा डॉल्बी लावणे सोयीचे, आवाजही मोठा. उरलेल्या बँडमध्येही चाल वाजवायला कीबोर्ड आला आणि ट्रंपेट तोंडीलावण्यापुरता उरला. युफोनियमसारखे खर्जाचे वाद्य वाजवणारा म्हातारा झाला, की त्याच्या जागी नवा येत नाही. म्हणजे मुलांना शिकवणारी ही चौथी शाळा बंद पडत चालली आहे, आणि तिच्याबरोबर मोठे ज्ञान जाते आहे: थंडीत वाद्य उतरते ते कसे सांभाळायचे, ओठ सुजले असताना तीन तास कसे काढायचे, चालता चालता श्वास कुठे घ्यायचा. हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मुंबईत एनसीपीएने २००६ मध्ये व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्याला जोडून मुलांसाठी शिक्षणही सुरू केले. आनंदाची गोष्ट आहे. पण जतच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाने पितळी वाद्याची ओळख करून घ्यायला मुंबईपर्यंत जाण्याची गरज नाही. शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला आहे. त्या शनिवारी गावच्या बँडमास्तरांना शाळेत बोलवावे, पाहुणे म्हणून, मानधन देऊन. त्यांनी शंख, तुतारी, बिगुल आणि ट्रंपेट एकामागून एक फुंकून दाखवावेत. चारही ओठांचीच वाद्ये आहेत हे मुलांना पाच मिनिटांत कळेल. बागेला पाणी घालायच्या रबरी नळीला नरसाळे बसवून मुलांना स्वतः आवाज काढून पाहता येईल. मग मोबाइलवर प्रोकोफिएव्हचा लांडगा ऐकवावा. ज्या मुलाचा बाप बँडमध्ये वाजवतो, त्याने त्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर बसावे.

यात वेळेची अडचणही नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. मधले गणपती-नवरात्राचे दिवस सोडले, तर बँडवाले या चार महिन्यांत मिळेल त्या मजुरीवर जातात आणि वाद्ये खुंटीला टांगलेली राहतात. शाळेचे पहिले सत्र बरोबर याच महिन्यांत असते.